पहिल्या पानावर कुणाचं नाव?

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'तज्ज्ञ मार्गदर्शक' असं छापलंय. ते आधी खोडते. समाजकार्यात एम.ए. करून मी गेली दहा-बारा वर्षं या दोन जिल्ह्यांत गटांबरोबर काम करते आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण माझं नाही. आज मी मार्गदर्शन करायला उभी नाही, हिशेब द्यायला उभी आहे. माझ्या सल्ल्यामुळे एका गटाचे पैसे गेले. ते का गेले हे शोधताना मला जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवायचंय. त्यातून तुमच्यापैकी एका गटाचे पैसे जरी वाचले तरी आजचा दिवस कारणी लागला.

मिरज तालुक्यातला बारा जणींचा गट आहे. गावाचं नाव सांगत नाही, त्या इथे बसल्या आहेत, सांगायचं तर त्या सांगतील. या बायका हळद करतात. शेतातली हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून आणायची, दळायची, पाकिटं भरायची. सांगलीला हळद काही नवीन नाही. हरिपूरला जमिनीत पेवं काढून त्यात हळद वर्षानुवर्षं टिकवून ठेवत. २००५ च्या महापुरात ती पेवं बुडाली, हे तुमच्यातल्या कितीतरी जणींनी डोळ्यांनी पाहिलंय. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे माल चांगला, गावाचं नाव मोठं. प्रदर्शनात स्टॉल लावला की पाकिटं संपायची. पण प्रदर्शन वर्षातून दोनदा. पुण्या-मुंबईच्या बायका विचारायच्या, "ताई, ही परत कुठं मिळेल?" याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

तेव्हा मी म्हटलं, वेबसाइट काढूया. गटाच्या बचतीतून बावीस हजार रुपये काढले. फोटो काढले, बायकांची नावं घातली, हळद कशी करतो ते लिहिलं. ज्या दिवशी ती सुरू झाली त्या दिवशी पेढे वाटले, ते आपल्या साताऱ्याचे कंदी पेढे, मीच नेले होते.

संध्याकाळी अध्यक्षांच्या ओसरीवर बसून आम्ही मोबाईलवर गुगलमध्ये 'हळद पावडर' असं टाकलं. वर जाहिराती. त्याखाली मोठ्या ऑनलाइन दुकानांची पानं. मग टीव्हीवर दिसतात ते मसाल्यांचे ब्रँड. मग हळदीचे औषधी गुण सांगणारी मोठाली संकेतस्थळं. अंगठ्यानं सरकवत सरकवत आम्ही खाली गेलो, पुढचं पान उघडलं, त्याच्या पुढचं उघडलं. आमचं नाव कुठंच नाही. गटातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे आपलं नाव यादीतच न्हाई."

दोन आठवड्यांनी एका फर्मचा फोन आला. 'पहिल्या पानावर, पहिल्या नंबरला आणून देतो, महिना तीन हजार.' बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. चार महिने पैसे भरले, बारा हजार. नंबर काही आला नाही. पाचव्या महिन्यात त्या माणसानं फोन उचलणं बंद केलं. एकूण गेले चौतीस हजार. बारा जणींत वाटलं तर प्रत्येकीचे अठ्ठावीसशेच्या वर. भांगलायला गेलं तर दहा-बारा दिवसांची मजुरी. ही मजुरी माझ्या एका 'हो'मुळे गेली.

त्यानंतरच्या बैठकीत दोन प्रश्न आले. एक, ही यादी लावतं कोण? दुसरा, ती मुद्दाम मोठ्यांच्या बाजूनं लावलेली असते का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी वाचायला लागले, माहितगार लोकांना विचारायला लागले. आज जे सांगणार आहे ते त्यातलं.

आधी यादी कशी लागते ते बघू. गुगल जगभरची पानं सतत वाचत असतं आणि त्यांची नोंद ठेवतं. आपण काही विचारलं की त्या नोंदीतून शोधून क्रम लावतं. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी जी रीत मांडली, तिचा गाभा सोपा होता. एखाद्या पानाकडे दुसरी किती पानं बोट दाखवतात ते मोजायचं. बोट दाखवणं म्हणजे त्या पानाचा दुवा देणं. आणि बोट दाखवणारा स्वतः जितका मोठा, तितकं त्याच्या बोटाला वजन जास्त. गावात नाही का, सरपंचानं कुणाला नमस्कार केला की बाकीचेही करतात, तसंच.

आज या एका गोष्टीवर क्रम ठरत नाही, अशा कितीतरी गोष्टी बघितल्या जातात. त्यातली एक महत्त्वाची. अमेरिकेत सरकारनं गुगलवर जो खटला भरला, त्यातल्या २०२३ च्या साक्षींतून स्पष्ट झालं की लोक यादीतल्या कशावर बोट ठेवतात याच्या नोंदीही क्रम लावताना वापरल्या जातात.

आता या दोन गोष्टी एकत्र करून बघा. मोठ्या ब्रँडचं नाव वर्तमानपत्रं घेतात, दुकानं घेतात, सगळे त्यांचा दुवा देतात, म्हणून ते वर. वर आहेत म्हणून लोक त्यांच्यावर बोट ठेवतात. लोक बोट ठेवतात म्हणून ते वरच राहतात. आमच्या गटाकडे कुणी बोट दाखवलेलं नाही, कारण आम्ही कुणाला दिसलोच नाही. आणि दिसलो नाही, कारण कुणी बोट दाखवलेलं नाही. यात कुणी आत बसून 'या बायकांना खाली टाका' असं म्हटलेलं नाही. तसं म्हणायची गरजच पडत नाही.

पण मला दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे भाषण नुसती तक्रार होईल. हळदीत भेसळ होते. पिवळा रंग चढावा म्हणून लेड क्रोमेट घालतात, त्यात शिसं असतं, ते लहान मुलांच्या मेंदूला घातक. आता मुंबईतली एखादी आई मोबाईलवर हळद शोधते आहे. गुगलनं तिला कालच निघालेलं, कुणी काढलंय ठाऊक नाही असं पान सगळ्यांत वर दाखवावं का? उद्या त्यात भेसळ निघाली तर? नाव असलेल्या कंपनीला निदान नाव जाण्याची भीती असते. आणि खरं सांगा, आपण स्वतः किराणा आणायला गेल्यावर ओळखीचंच पाकीट उचलतो की नाही? ग्राहकाला हवं तेच आम्ही दाखवतो, असं गुगल म्हणतं तेव्हा ते सगळंच खोटं नसतं.

२००८ मध्ये गुगलचे तेव्हाचे प्रमुख एरिक श्मिट यांनी मासिकांच्या प्रकाशकांपुढे बोलताना जवळजवळ हेच मांडलं होतं, की इंटरनेटवर खोट्या माहितीची घाण साचते आहे आणि ती निवडायचा मार्ग म्हणजे ब्रँड. त्यानंतर काही महिन्यांनी, २००९ च्या सुरुवातीला, मोठ्या ब्रँडची पानं यादीत एकदम वर सरकली असं अनेकांच्या लक्षात आलं. कंपनीच्या अभियंत्यानं खुलासा केला की हा बदल ब्रँडसाठी नाही, विश्वासार्हतेला वजन देण्यासाठी आहे. मी तो खुलासा खरा धरून चालते. पण मैत्रिणींनो, विश्वासार्ह कोण हे कसं ठरवलं? ज्याचं नाव आधीच झालेलं आहे तो. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरच्या अन्नसुरक्षा यंत्रणांनी एमडीएच आणि एव्हरेस्ट या आपल्या नामांकित ब्रँडांच्या काही मसाल्यांवर इथिलिन ऑक्साइड या रसायनावरून आक्षेप घेतला. कंपन्यांनी आपला माल सुरक्षित असल्याचं सांगितलं. निवाडा देणारी मी कोण? सांगायचं एवढंच की नाव मोठं असणं आणि माल तपासलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यंत्र पहिली गोष्ट सहज मोजतं. दुसरी त्याला पाकीट फोडून बघता येत नाही.

माल्कम बाल्ड्रिज किंवा तसल्या कुठल्या मोठ्या पुरस्काराची गोष्ट मी करत नाही. साध्या बँकेची गोष्ट सांगते, आपल्या माण तालुक्यातली. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं आधी नकार दिला. कारण काय, तर प्रवर्तक बायकांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नाही. नियम म्हणून तो चुकीचा नव्हता, बँक चालवणाऱ्याला अक्षर यायला हवं असं कुणालाही वाटेल. पण बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पात्रता मोजायची जी फूटपट्टी होती ती हिशेब येतो की नाही हे मोजतच नव्हती, सही येते की नाही एवढंच मोजत होती. गुगलची फूटपट्टी मला तशीच वाटते. मुद्दाम वाकडी केलेली नाही, पण आपल्याकडे जे आहे ते तिच्यावर उमटत नाही.

इथपर्यंत मी 'मुद्दाम नाही' असं म्हणत आले. आता जिथं मुद्दाम आहे तिथं येऊ. कारण तेही आहे, आणि ते आपल्या अंदाजावर नाही, निकालांत लिहिलेलं आहे.

पहिलं म्हणजे जाहिराती. यादीच्या वर 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ती जागा बोली लावून मिळते. हळदीच्या एका पाकिटावर आमच्या गटाला जे सुटतं, त्यातून ती बोली परवडत नाही. कंपनी सांगते की पैसे देऊन खालच्या मूळ यादीतला क्रम विकत मिळत नाही. ठीक. पण मोबाईलचा पडदा तो केवढा? वरच्या जाहिरातींनीच भरून जातो. गंमत अशी की पेज आणि ब्रिन यांनीच १९९८ च्या आपल्या निबंधात लिहून ठेवलंय की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल. पुढे त्यांनीच जाहिरातींवर जगातल्या सगळ्यांत मोठ्या कंपन्यांपैकी एक उभी केली.

दुसरं म्हणजे स्वतःच्या ताटात आधी वाढून घेणं. आपल्या देशात २०१२ मध्ये भारत मॅट्रिमोनी ही लग्न जुळवणारी कंपनी आणि जयपूरची कट्स ही ग्राहक संस्था यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे गुगलविरुद्ध तक्रारी केल्या. सहा वर्षं चौकशी चालली. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयोगानं गुगलला १३५ कोटी ८६ लाखांचा दंड केला. आयोगाला दिसलं की २०१० च्या आधी काही प्रकारच्या निकालांच्या जागा आधीच ठरलेल्या होत्या, पहिली, चौथी आणि दहावी. आणि विमानाची तिकिटं शोधणाऱ्याला गुगलचा स्वतःचा विभाग ठळकपणे वर दाखवला जात होता. त्याच निकालात काही आरोप आयोगानं मान्य केले नाहीत आणि दोन सदस्यांनी वेगळं मत दिलं, हेही सांगते, कारण अर्धा निकाल सांगणं बरं नाही. युरोपात २०१७ मध्ये, खरेदीची तुलना दाखवणाऱ्या स्वतःच्या सेवेला झुकतं माप दिल्याबद्दल गुगलला २४२ कोटी युरोंचा दंड झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की शोधाच्या बाजारातली मक्तेदारी गुगलनं बेकायदा मार्गांनी टिकवली.

हे फक्त गुगलचं नाही. आपल्यातले काही गट ॲमेझॉनवर माल ठेवतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे बातमी दिली की भारतात ॲमेझॉननं स्वतःच्या ब्रँडचा माल शोधात वर यावा अशी व्यवस्था केली होती. कंपनीनं ते नाकारलं. बाजाराची जागा ज्याची, गाळाही त्याचाच आणि तराजूही त्याच्याच हातात, असं झालं की इतर विक्रेत्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?

आता कुणी म्हणेल, ताई, हे व्यापाऱ्यांचं भांडण. बायकांच्या चळवळीनं यात कशाला पडायचं?

मी म्हणते, यादीत नाव नसणं म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून गेली. का? तर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगितलं, आणि तशी नोंद चालणार नाही असं ठरलं. त्यातल्या बहुतेक जणी उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. यादी लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, उलट बाईचं स्वतःचं नाव यावं असाच होता. तरी मत गेलं ते बाईचंच. रेशनकार्डावर नाव, सातबाऱ्यावर नाव, रोजगार हमीच्या हजेरीपटावर नाव. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना स्वतंत्र रेशनकार्ड मिळावं म्हणून आपल्या आधीच्या पिढीनं मोर्चे काढले. दर वेळी कचेरीतला माणूस म्हणायचा, बाई, मी काय करू, नियम असा आहे. आज कचेरीच्या जागी यंत्र आहे, पण उत्तर तेच आहे.

आणि हे यंत्र ऐकतच नाही असं नाही. याचा पुरावा आपल्याच चळवळीत आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याच्या २२ व्या कलमानुसार त्याची जाहिरात करणं गुन्हा आहे. तरी शोधयंत्रांवर तसल्या जाहिराती दिसत होत्या. २००८ मध्ये डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट सुरुवातीला अडचणी सांगत राहिले. पण २०१६ मध्ये याच कंपन्यांनी न्यायालयाला सांगितलं की ठरावीक २२ शब्दप्रयोग टाकले की मजकूर आपोआप अडेल अशी व्यवस्था केली आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयानं तक्रारी घेण्यासाठी केंद्रीय यंत्रणा नेमायला सांगितली आणि तिनं कळवल्यावर ३६ तासांत मजकूर काढायचा आदेश दिला. त्याच सुमारास, मार्च २०१७ मध्ये, आपल्या मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. ते दिवस इथं कुणीच विसरलेलं नाही. साताऱ्यात तर दलित महिला विकास मंडळानं आणि वर्षाताई देशपांड्यांनी गर्भवती बायकांना सोबत घेऊन डॉक्टरांवर सापळे लावण्याचं काम कितीतरी वर्षं केलंय.

असं अडवण्यात धोकाही असतो. गर्भपाताची कायदेशीर माहिती शोधणारी बाई त्या जाळ्यात अडकता कामा नये, हे सतत बघावं लागतं. पण मुद्दा असा की 'यंत्र आहे, त्याला काय करणार' हे उत्तर टिकलं नाही. माणसांनी लावलेली यादी माणसांना बदलता येते.

आता उद्या गटात परत गेल्यावर करायचं काय? मला उमगलं ते सांगते.

एक. 'पहिला नंबर आणून देतो' अशी हमी देणाऱ्याला एक रुपया देऊ नका. तशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगल स्वतःच सांगतं. मला हे बारा हजारांनी शिकवलं, तुम्हाला फुकट सांगते.

दोन. 'हळद पावडर' या शब्दांवर मोठ्यांशी झुंजू नका. तिथं आपण हरणार. आपल्या वस्तूचं नेमकं नाव, गावाचं नाव, करण्याची रीत, हे पानावर स्पष्ट मराठीत लिहा. कोरेगाव तालुक्यातल्या गटानं 'राजमा' असं न लिहिता 'वाघ्या घेवडा' असं लिहिलं. त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. ते नाव घेऊन शोधणारा माणूस थोडा असतो, पण तो आपलाच गिऱ्हाईक असतो.

तीन. गुगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद फुकट होते. ती करा. आमच्या गटाला पहिलं अनोळखी गिऱ्हाईक वेबसाइटवरून आलं नाही, नकाशावरून आलं. मिरजेला दवाखान्यात आलेलं एक कुटुंब विचारत विचारत गावात पोचलं.

चार. एकमेकींकडे बोट दाखवा. साताऱ्याच्या गटानं आपल्या पानावर सांगलीच्या गटाचा दुवा द्यावा, सांगलीनं साताऱ्याचा. आणि जिल्हा परिषद, कृषी विज्ञान केंद्र, माविम, उमेद यांच्याकडे अर्ज द्या की तुमच्या संकेतस्थळावर आमच्या गटांच्या पानांचे दुवे द्या. सभागृहात सत्कार करण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे, आणि त्याला हाराचाही खर्च नाही.

पाच. ही जरा मोठी मागणी आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत एक तरतूद आहे. ज्या ऑनलाइन बाजारात अनेक विक्रेते माल विकतात, त्या बाजारानं मालाचा आणि विक्रेत्यांचा क्रम कशावर ठरतो हे साध्यासोप्या भाषेत सगळ्यांना वाचता येईल असं सांगायला हवं. साधीसोपी भाषा म्हणजे कुणाची? आपली साधी भाषा मराठी आहे. ते मराठीत द्या, अशी मागणी ग्राहक पंचायतींना बरोबर घेऊन आपण करूया. हा नियम ऑनलाइन बाजारांना आहे. शोधयंत्रांनाही अशीच जबाबदारी हवी. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या सेवेला झुकतं माप देण्याला बंदी सुचवली होती. अशा मसुद्यांवर मोठ्या कंपन्या हरकती पाठवतात, त्यांच्या संघटना पाठवतात. एका तरी बचत गटाची हरकत किंवा सूचना कधी गेली आहे का? पुढचा मसुदा येईल तेव्हा आपलं एक पानी पत्र तयार असायला हवं.

आणि सहावं, सगळ्यांत जुनं. एकदा आलेलं गिऱ्हाईक आपल्या वहीत लिहून ठेवा. नाव, फोन, केव्हा घेतलं, किती घेतलं. ती यादी आपली असते, तिचा क्रम दुसरं कुणी बदलू शकत नाही.

आता आमच्या गटाचं सांगून थांबते. त्या चौतीस हजारांबद्दल मी बैठकीत माफी मागितली. दर महिन्याला माझ्या पगारातून थोडे थोडे परत करते म्हटलं. मावशी म्हणाल्या, "तुझे पैसे नकोत. तुझा वेळ दे, आन् शिकवायचं थांबवू नको." वेबसाइट ठेवायची की बंद करायची यावर दोन तास वाद झाला. काही जणी म्हणाल्या, आपलं दुकान मागच्या गल्लीत आहे, हे मान्य करूया आणि प्रदर्शनंच करूया. तेव्हा एक तरुण सून, जी एरवी बोलत नाही, तिनं विचारलं, "पण पुढची गल्ली कुणाच्या बापाची?" सगळ्या हसल्या. शेवटी ठरलं की वेबसाइट ठेवायची, वर्षाचा खर्च भरायचा, पण तिच्यावर पोट ठेवायचं नाही.

गेल्या हंगामात वहीतल्या गिऱ्हाइकांनीच निम्मी हळद नेली. 'हळद पावडर' टाकलं तर आजही आम्ही दिसत नाही. गावाचं नाव घालून टाकलं तर दिसतो. हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. ही यादी कुणी, कशी लावली, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो प्रश्न आपण विचारत राहणार आहोत, एवढं मात्र आज इथून ठरवून उठूया.

दुपारच्या सत्रात प्रत्येक गटानं आपला मोबाईल काढायचा, आपल्या वस्तूचं नाव टाकायचं आणि वर कोण येतं ते कागदावर लिहायचं. दोन्ही जिल्ह्यांचे कागद एकत्र करूया. आपल्या पत्राची सुरुवात त्यातूनच होईल.